उभी राहणारी गाडी ‘टोटल’ का होते?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी लेन सलग अंथरली गेली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता, पंचवीस किलोमीटरचा. जुन्या सहा नंबरच्या हायवेवर बडनेरा ते मूर्तिजापूर ज्यांनी कंबर मोडून घेतली आहे, त्यांना या त्रेपन्न नंबरच्या रस्त्याचं अप्रूप वाटणारच. काटा शंभरच्या पुढे कधी गेला ते कळत नाही. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर, कपाशी आणि सोयाबीन पूर्वीसारखीच उभी असते, आणि रात्री एका वावरातून दुसऱ्या वावरात जाण्याची रोहीची सवयही बदललेली नाही.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरू शकतो, आणि त्याचे पाय लांब असतात. त्यामुळे धडक गाईगुरांच्या धडकेपेक्षा वेगळी बसते. बंपर पायांवर आदळतो, पाय निसटतात आणि सगळं धड बोनेटवरून थेट समोरच्या काचेवर येतं. बंपर फाटतो, बोनेट दुमडतं, काच आत येते, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छताची पुढची कड दबते, एअरबॅग उघडतात. इंजिन मात्र अनेकदा धडधाकट राहतं. चाकं फिरतात, डिकी बंद होते, मागचे दरवाजे नव्यासारखे असतात.

पुढचा प्रसंग अमरावती-अकोल्यात कुठल्याही आठवड्यात घडावा असा आहे. गाडी टोचन करून कंपनीच्या वर्कशॉपला जाते. मालक, त्याचा भाऊ आणि ओळखीचा एक डेंटर असे तिघं बघायला जातात. डेंटर गाडीभोवती एक चक्कर मारतो, खाली वाकतो, बोनेटखाली हात घालतो आणि म्हणतो, ‘भाऊ, कायले टोटल करता? पंधरा दिवसात, दीड लाखात उभी करून देतो.’ चार-पाच दिवसांनी वर्कशॉपमधून फोन येतो, ‘साहेब, तुमची गाडी टोटल लॉसमध्ये चालली आहे.’ मालकाला वाटतं, यात काहीतरी डाव आहे. डोळ्यांसमोर उभी असलेली, चावी फिरवली की सुरू होणारी गाडी विमा कंपनी भंगारात का काढते?

डेंटर खोटं बोलत नसतो. त्याच्या हातात कसब असतं आणि गाडी खरोखर उभी राहते. कंपनीही बहुतेक वेळा खोटं बोलत नसते. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. ही गाडी चालेल का, हा डेंटरचा प्रश्न. कंपनीपुढे प्रश्न असा की पॉलिसीत कबूल केल्याप्रमाणे, गाडीच्या कंपनीच्या सुट्या भागांसह, मजुरी आणि करासह ही गाडी पूर्ववत करायला किती लागेल आणि त्याऐवजी तिची ठरलेली किंमत देऊन टाकली तर किती लागेल. मालकाला मात्र यातला फक्त निकाल ऐकू येतो. गणित त्याच्यासमोर कोणी मांडत नाही, म्हणून ते इथे मांडतो.

पहिला आकडा आयडीव्ही, म्हणजे गाडीची पॉलिसीत ठरलेली किंमत. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर तो छापलेला असतो, आणि आपल्यापैकी फार थोडे तो वाचतात. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या भारतीय मोटार टॅरिफने ही पद्धत घालून दिली. गाडीच्या आजच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढे मालक आणि कंपनी यांनी मिळून ठरवायचं. २००७ पासून गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवणं कंपन्यांच्या हाती गेलं, पण आयडीव्हीची कल्पना आणि तिच्यासोबतचं एक वाक्य पॉलिसीत कायम राहिलं. ते वाक्य असं की गाडी काढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींना अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी पूर्ण नुकसानीत गेली असं धरलं जाईल.

इथे ‘धरलं जाईल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जळून कोळसा झालेली गाडी खरोखरच गेलेली असते. आपली रोहीने ठोकलेली गाडी गेली असं मानायचं असतं. ही मानण्याची युक्ती मोटारींपेक्षा फार जुनी आहे आणि ती समुद्रावरून आली. जहाज खडकावर चढलं, बुडालं नाही, पण ते ओढून काढून दुरुस्त करायला त्याच्या किमतीहून जास्त पैसा लागणार असेल, तर मालकाने त्या जहाजावर पाणी सोडायचं, ते विमा देणाऱ्याच्या हवाली करायचं आणि पूर्ण रक्कम घ्यायची. आपल्याकडच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात हे आजही लिहिलेलं आहे. खडकावरचं जहाजही दुरुस्त होण्यासारखंच असतं.

वऱ्हाडाला हा विचार परका नाही. रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. त्या काळच्या सराफी पेढ्यांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार चाले. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. वाटेत माल गेला तर हुंडी देणं लागत नसे, म्हणजे हुंडी घेणाऱ्याने मालाची जोखीमही घेतलेली असे. ‘विमा’ हा शब्दच मुळी फारसीतून आलेला आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळलेला. मला वाटतं, आपल्या आज्या-पणज्यांना जोखीम कोणाच्या अंगावर आहे हा प्रश्न आपल्यापेक्षा नीट विचारता येत होता.

जहाजाच्या कायद्यात आणि मोटारीच्या पॉलिसीत एक फरक आहे. जहाजाचा खर्च त्याच्या दुरुस्त झाल्यानंतरच्या किमतीच्या पुढे गेला तरच ते गेलं असं मानतात. मोटारीला रेघ ७५ टक्क्यांवर मारली आहे. मधले २५ टक्के कशासाठी, हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये एक दिवस बसलं की कळतं. पहिलं एस्टिमेट गाडी न उघडता केलेलं असतं. बोनेट, बंपर, दिवे, काच असं जे दिसतं ते लिहिलं जातं. मग गाडी खोलतात. रेडिएटरच्या पुढचा एसीचा कंडेन्सर गेलेला असतो, वायरिंगचा जुडगा चिमटलेला असतो, डॅशबोर्डची आतली पट्टी तुटलेली असते. मग दुसरं एस्टिमेट, कधी तिसरं. अर्धी खोललेली गाडी, अर्धे मागवलेले भाग आणि ९० टक्क्यांवर गेलेला खर्च ही अवस्था मालकालाही नको असते.

आता बाकीचे दोन आकडे. समजा, गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, आजची शोरूम किंमत ७ लाख. वय तीन वर्षांच्या वर आणि चारच्या आत, म्हणून आयडीव्ही ४ लाख २० हजार. तिचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार. कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ३ लाख ९० हजारांचं. आणि तिसरा आकडा, जो मालकाला सहसा कोणी सांगत नाही, तो म्हणजे मोडक्या गाडीची किंमत. जुन्या-मोडक्या गाड्या घेणाऱ्यांकडून बोली मागवली जाते. समजा सगळ्यात मोठी बोली आली १ लाख ४० हजारांची.

मालकाकडे झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापणारी पॉलिसी असेल तर दुरुस्तीत कंपनीचे जवळजवळ पूर्ण ३ लाख ९० हजार जातात. त्याऐवजी आयडीव्ही चुकती केली आणि मोडकी गाडी १ लाख ४० हजारांना गेली, तर कंपनीच्या खिशातून निघतात २ लाख ८० हजार. फरक एक लाखाच्या वर. शिवाय मागून निघणाऱ्या नुकसानीची धास्ती नाही, महिनाभर भागांची वाट बघणं नाही, दुरुस्तीनंतरच्या तक्रारी नाहीत. गाडी ‘टोटल’ झाली ती इथे.

आता तीच गाडी, तीच धडक, पण पॉलिसी साधी. साध्या पॉलिसीत सुट्या भागांवरही घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात, फायबरचे ७० टक्के, काचेचे पूर्ण, आणि पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात. या वयाला ती २५ टक्के. रंगाच्या सामानाचेही निम्मे. हे सगळं कापून कंपनीचं देणं समजा २ लाख ७० हजारांवर आलं. ते ३ लाख १५ हजारांच्या रेघेखाली आहे, म्हणून गाडी दुरुस्त होते, आणि वरचे १ लाख २० हजार मालक भरतो. ‘अटींना अधीन राहून’ हे तीन शब्द इथे काम करतात. सारख्या मोडलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात, एक दुरुस्तीला जाते आणि एक लिलावाला. पत्रा बघून याचं कारण कधीच सापडणार नाही.

मग दीड लाखात उभी करतो म्हणणारा डेंटर? तो दीड लाखातच करेल, यात मला शंका नाही. वर्कशॉपमध्ये बोनेट नवं लागतं, तो जुना काढलेला बसवतो. तिथे तीन दिवे डब्यातले, इथे दुसऱ्या गाडीचे. गाडीचे सगळे सुटे भाग दुकानातून एकेक विकत घेऊन गाडी जोडायची म्हटली तर ती शोरूमच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते. कारखान्याची गाडी लाखोंच्या संख्येत निघते आणि सुटा भाग एकेकटा डब्यात बंद होऊन, गोदामात राहून, चार हातांतून आपल्याकडे पोचतो. त्यावर कर. सप्टेंबर २०२५ पर्यंत तो २८ टक्के होता, आता १८ आहे. लिलावात गाडी घेणाऱ्याचा हिशेब त्यामुळेच जमतो. १ लाख ४० ला गाडी, दीड लाखाचं काम, आणि विकताना चार लाख. त्याच्यासाठी ती दुरुस्त होण्यासारखी असते, कारण नव्या भागांचा आणि हमीचा खर्च त्याने करायचाच नसतो.

हमीचा खर्च म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यायला गाडीच्या अंगात थोडं शिरावं लागेल.

बोलेरो किंवा जुनी सुमो अशा गाड्यांना खाली लोखंडी चौकट असते आणि त्यावर वरचं घर बसवलेलं असतं. बैलगाडीचा सांगाडा आणि त्यावरची साटी असं म्हणा. साटी मोडली तर नवी बसते, आणि आपल्या भागातले जुने डेंटर याच गाड्यांवर तयार झाले. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना अशी वेगळी चौकट नाही. जमीन, खांब, छत आणि पुढचे दोन आडवे पाय हे सगळे एकमेकांना जोडलेले, आणि तोच सांगाडा. पुढचा भाग ठरवून चुरगळेल असा घडवलेला असतो, म्हणजे धडकेचा जोर तिथे खर्च व्हावा. माणसं बसतात ती खोली मात्र वाकू नये म्हणून अतिशय कडक पोलादाची. हे पोलाद कारखान्यात विशिष्ट तापमानाला तापवून आणि झपाट्याने थंड करून कडक केलेलं असतं. ते गॅसने तापवून, हातोड्याने सरळ करून जागेवर आणता येतं, दिसतंही सरळ, पण त्याचा कडकपणा जातो. रोहीच्या धडकेत नेमका हाच खांब दबतो, काचेच्या बाजूचा.

एअरबॅगचंही तसंच. १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटसाठीही झाली. प्राण वाचवणारा नियम, त्याबद्दल दोन मतं नाहीत. पण एअरबॅग एकदाच उघडते. उघडली की नवी लागते, सोबत सीटबेल्ट ओढून धरणारी यंत्रणा, आदेश देणारा छोटा संगणक आणि बहुधा अख्खा डॅशबोर्ड. दहा वर्षांपूर्वीच्या अनेक छोट्या गाड्यांत हा खर्चच नव्हता. आज मध्यम किमतीच्या, चार-पाच वर्षं जुन्या गाडीत दोन एअरबॅग उघडल्या की ७५ टक्क्यांची निम्मी वाट तिथेच सरते. स्वस्तात उभ्या केलेल्या गाडीत फाटलेली एअरबॅग आत दुमडून वर झाकण लावलेलं असू शकतं, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा बंद केलेला असू शकतो. डेंटरने दीड लाखात गाडी उभी केली म्हणजे त्याने असंच केलं, असं मी म्हणत नाही. पण दीड लाखात हे सगळं नवं बसत नाही, एवढं साधं गणित आहे.

पाण्यात गेलेल्या गाडीचा प्रकार याहून फसवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि त्याच आठवड्यात मोर्णा नदीचं पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरलं. पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, उन्हात वाळवली, की एकही ओरखडा दिसत नाही. पण वऱ्हाडातलं पुराचं पाणी म्हणजे काळ्या मातीचा गाळ. ही चिकट माती वायरिंगच्या जोडांत, सीटखालच्या संगणकात, ब्रेकच्या सांध्यांत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. गाडी आज चालते. दिवाळीत काच वर-खाली होईनाशी होते, संक्रांतीला वाटेत बंद पडते. कुठला जोड कधी गंजेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून डॅशबोर्डपर्यंत पाणी चढलेली गाडी न मोडताही टोटल होते.

इथे एक गोष्ट प्रत्येक घरात सांगून ठेवायला हवी. पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी फिरवून बघू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला दांडा वाकतो. साध्या पॉलिसीत ही नुकसानी ‘पुरामुळे नव्हे, तुम्ही चालू केल्यामुळे झाली’ म्हणून नाकारली जाते. इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी. बॅटरीची तार काढा आणि टोचन बोलवा.

आता मालकाच्या बाजूचा हिशेब, कारण खरी कळ तिथे आहे. कंपनीचं गणित चोख असलं तरी मालकाचं भागतंच असं नाही. आयडीव्ही शोरूमच्या किमतीवर निघते. गाडी रस्त्यावर आणताना भरलेला कर तिच्यात नसतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी ११ टक्के कर लागतो, सात लाखांच्या गाडीला साधारण ७७ हजार. टोटल लॉसमध्ये तो कर हिशेबात येत नाही आणि नव्या गाडीला पुन्हा भरावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर पहिला हक्क बँकेचा. चार लाख वीस हजारांतून साडेतीन लाख बँकेला गेले की हातात सत्तर हजार उरतात आणि दारात गाडी नसते. सोयाबीनचा किंवा कपाशीचा पैसा आल्यावर हौसेने गाडी घेतलेल्या घरात हा धक्का काय असतो, ते वेगळं सांगायला नको. पहिल्या दोन-तीन वर्षांत ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ नावाचं जोड-संरक्षण घेतलं तर बिलाची पूर्ण रक्कम, आणि बहुतेक पॉलिसींत नोंदणी व करही, मिळतो. कर्जाच्या गाडीला ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्या उलट चूक आपल्याकडे सर्रास होते. पाच वर्षांपुढच्या गाडीचा विमा काढताना हप्ता कमी बसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढली जाते. एजंट म्हणतो, ‘हजार-बाराशे वाचतात’, आपण मान हलवतो. पण आयडीव्ही खाली आली की तिचे ७५ टक्केही खाली येतात. बाजारात तीन लाखांना जाणारी गाडी कागदावर एक लाख ऐंशी हजारांची केली, तर १ लाख ३५ हजारांच्या वरच्या दुरुस्तीला ती टोटल होईल, आणि हातात येतील एक लाख ऐंशी. भरल्या घराची, चांगली चालणारी गाडी एवढ्याशा धडकेत का गेली, याचं उत्तर बरेचदा वर्षभरापूर्वीच्या त्या हजार-बाराशेत असतं. एक दिलासा आहे: पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही त्या वर्षापुरती पक्की असते. गाडी टोटल झाल्यावर ‘बाजारभाव आता कमी आहे’ म्हणून कंपनीला मनाने ती घटवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली एका प्रकरणात, पॉलिसी देताना जी किंमत मान्य केली तिला कंपनी बांधलेली आहे, असंच धरलं.

नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा शब्दही शेवटचा नसतो. तो परवानाधारक असतो, त्याचा अहवाल वजनदार असतो, पण तो दगडावरची रेघ नव्हे, असं त्याच न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. अहवालाची प्रत मागा. एस्टिमेटमधला कोणता भाग धरला, कोणता वगळला, मोडक्या गाडीची बोली किती आली, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर पटलं नाही तर आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. किंवा जिल्हा ग्राहक आयोग, तो अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईच्या मुख्य कार्यालयामागे धावायचं काम नाही. दरम्यान वर्कशॉपच्या पार्किंगचं मीटर चालू असतं, आणि दुरुस्ती झाली नाही तर एस्टिमेटचेही पैसे मागितले जातात. तेही आधी विचारून ठेवावं.

मालकाला गाडी सोडवतच नसेल तर तोही मार्ग आहे. मोडक्या गाडीची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्यायची आणि गाडी स्वतःकडे ठेवायची. आपल्या उदाहरणात २ लाख ८० हजार रोख आणि गाडी आपली. मग ओळखीच्या डेंटरकडे न्या. पण तेव्हा पत्र्याची, खांबाची आणि एअरबॅगची जबाबदारी तुमची झाली, आणि पुढच्या वर्षी विमा देणारा गाडी तपासूनच घेईल.

आणि गाडी दिली, तर कागद. या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं हेच आहे, कारण चेक मिळाला की मालक मागे वळून बघत नाही.

ब्रिटनमध्ये टोटल झालेल्या गाडीवर कायमचा शिक्का बसतो. ‘ए’ म्हणजे पूर्ण भंगार, ‘बी’ म्हणजे फक्त सुटे भाग काढायचे, ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा, ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत. पुढे ती दुरुस्त करून विकली तरी घेणाऱ्याला तो शिक्का दिसतो. अमेरिकेत राज्याराज्याची रेघ वेगळी, टेक्सासात ती गाडीच्या पूर्ण किमतीवर आहे, आणि कागदपत्रांवर तसा शेरा येतो. आपल्याकडे अशी वर्गवारी नाही. एमएच २७ किंवा एमएच ३० ची टोटल झालेली गाडी दुरुस्त होऊन दुसऱ्या राज्यात गेली, तर घेणाऱ्याला तिच्या आरसीवरून काहीच कळत नाही.

त्याहून वाईट उपयोगही होतो. चोर त्याच कंपनीची, त्याच रंगाची गाडी उचलतात. टोटल गाडीचा चॅसिस नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून चोरीच्या गाडीत वेल्ड करतात. कागद खरे, नंबर खरा, गाडी दुसऱ्याची. चोरीच्या गाड्या कापून विकण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला मेरठचा सोतीगंज बाजार पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला, पण मोडक्या गाडीच्या कागदांची मागणी एका बाजारासोबत संपत नाही. काही वेळा बोलीतली रक्कम भंगारापेक्षा फार जास्त दिसते, तेव्हा घेणाऱ्याला पत्रा हवा आहे की आरसी, हा प्रश्न मनात यायलाच हवा.

आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत कायद्याच्या लेखी गाडी तुमची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं: गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे तुमची टोटल गाडी कोणीतरी उभी केली, विमा न काढता चालवली आणि कोणाचा जीव गेला, तर नोटीस तुमच्या दारी येईल.

म्हणून मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊ नका, वर्कशॉपमधला माणूस कितीही ओळखीचा असला तरी. गाडी वापरण्याजोगी राहिली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. गाडी दुरुस्त करून वापरणाऱ्याला जाणार असेल तर नावावर करण्याचं काम पूर्ण झाल्याची नोंद स्वतः ऑनलाइन तपासायची. गाडी ताब्यात देताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. चॅसिस नंबरचा आणि गाडीचा चारही बाजूंनी फोटो काढा, फास्टॅग बंद करा, आणि ताबा-पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या.